काच उतरवलेली गाडी

प्रथम माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन तर नाहीच. आम्ही कुंभकोणमचे मराठी. मी चौथीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी शिकवली, परातीत तांदूळ पसरून त्यात बोटाने गिरवून घेतली. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, त्यामुळे माझ्या हातून कोठे कोणता उतरेल याचा नेम नाही. कागदही पाठकोरे आहेत. आम्ही लग्नाघरी विड्याची पानं पुरवतो, म्हणून घरात लग्नपत्रिका फार येतात. त्यांच्या मागच्या बाजूला मी लिहिते. कोणी वाचावं म्हणून नव्हे. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, एवढंच.

पण ही गोष्ट मला लिहून ठेवायची आहे, कारण ती मी केली.

पानांचा धंदा आमच्या ह्यांच्या वडिलांपासूनचा. इन्नंबूर गावाच्या अलीकडे नदीच्या अंगाला पानमळे आहेत, तेथून संध्याकाळी पानं येतात. रात्रीच्या जेवणाआधी आम्ही दोघं ती निवडतो, पाणी शिंपडतो, कवळ्या म्हणजे जुड्या बांधतो आणि केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंडाळून ठेवतो. पहाटे ती तंजावरला पोचवायची. कुंभकोणमचं कोवळं पान नखाने मोडलं तर आवाज न करता तुटतं, आणि वारा लागला तर तासाभरात कडेने सुकतं. गिऱ्हाईक आधी कड बघतं. कड वळलेली दिसली की पान परत.

ह्यांची जुनी मोटारसायकल साधी होती. पुढे एक दिवा, दोन आरसे, बाकी सगळं उघडं. हे वर्षानुवर्षं तिच्यावरून पानं नेत. मळ्याच्या बांधावर कोणी नसताना त्यांनी मला ती चालवायला शिकवली होती. ते शिडीवर चढून पानं खुडत असताना गाडी या टोकाची त्या टोकाला कोणी आणायची, म्हणून. बांधाच्या बाहेर मी ती कधी नेली नाही. लोक बघतील या विचारानेच माझे हात गार पडत.

मग एके दिवशी हे त्या शिडीवरून पडले. उजवा खांदा गेला. इस्पितळाच्या खर्चात जुनी गाडी विकली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हात कामाचा होईल, पण गाडी धरण्याइतका नाही. थोडे दिवस एका टेम्पोवाल्याबरोबर पानं पाठवली. त्याने ती कोंबड्यांच्या टोपल्यांशेजारी ठेवली. तंजावरच्या दुकानदाराने निरोप पाठवला की असंच चालणार असेल तर तो दुसऱ्याकडून पानं घेईल. हे त्या दिवशी जेवले नाहीत. वडिलांनी जोडलेली गिऱ्हाइकं आपल्या हातून जाणार, हे ते बोलले नाहीत, पण मला कळलं.

ह्यांची थोरली बहीण तंजावरच्या वाटेवर पापनाशम्ला राहते. माझी नणंद, मी त्यांना वन्सं म्हणते. नवरा लवकर गेला, एकटीने मुलाला वाढवलं, जीभ तिखट. मुलगा सिंगापूरला नोकरीला गेला आणि त्याची गाडी ओट्यावर जुन्या चादरीखाली उभी होती. वन्संनी आम्हाला बोलावून घेतलं आणि चादर ओढली.

ती गाडी बघून मला देवळातलं वाहन आठवलं. उत्सवात देवाला बसवतात ना, गरुड, घोडा, तसलं. निळी, चकचकीत, पुढून सगळी प्लास्टिकने झाकलेली. दिव्याच्या वर वाकडी काच. हँडल खाली, बसायची जागा मागे आणि मागच्या माणसाची जागा त्याहून उंच, एवढीशी. शर्यतीत पोरं चालवतात तसली.

वन्सं म्हणाल्या, "फुकट देणार नाही. भाऊ आहे म्हणून किंमत कमीही करणार नाही. उधार देईन. दर महिन्याला पैसे आणून द्यायचे."

ह्यांनी विचारलं, "चालवणार कोण, अक्का?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "हिचं तोंड चालत नाही. हातपाय चालतात की."

गाडीला दोन किल्ल्या होत्या. एक त्यांनी ह्यांच्या हातात दिली, दुसरी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. पैसे थांबले तर त्या किल्लीने गाडी परत येईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला राग आला नाही. त्यांनीही आयुष्यभर असंच सरळ घेतलं-दिलं होतं.

लायसन काढायला गेले तेव्हा जमिनीवर चुन्याने इंग्रजी आठचा आकडा काढला होता आणि पाय न टेकता त्याच्यावरून गाडी फिरवायची होती. माझ्या आधीची पोरं पाय टेकत होती. मला ती रेघ बघून धीर आला. लहानपणापासून रोज सकाळी दारात कोलम काढते, म्हणजे आमची रांगोळी, ठिपक्यांभोवती न तुटणारी वेलांटी. आठ म्हणजे त्यातला एक वेढा. हात जसा वळतो तशी नजर आधी पुढच्या ठिपक्यावर न्यायची, बस. मी तो वेढा घातला आणि परत सुरुवातीच्या जागी येऊन उभी राहिले. साहेबांनी मान वर न करता पुढच्याला बोलावलं. हे कुंपणाबाहेर उभे होते. ह्यांनी डाव्या हाताने ओठांवरचं हसू झाकलं, ते मी बघितलं.

आता खरं सांगते. ती झाकलेली गाडी मला मनातून आवडली होती. हेल्मेट घातलं की तोंड दिसत नाही. सलवार-कमीज, वर ह्यांचा जुना सदरा, आणि समोर ती काच आणि ते प्लास्टिक. मला वाटलं, लपायला याहून चांगली जागा कोणती.

पहिल्यांदा निघाले तेव्हा थंडीचा मार्गळी महिना होता. त्या महिन्यात पहाटे आमच्या रस्त्यांवर दारोदार बायका वाकून मोठे कोलम काढत असतात. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, मी कोणी पोरगा असेन असं समजून परत खाली घातली. शेजारणीनेसुद्धा ओळखलं नाही. मी आत हसत होते.

गावाबाहेर आल्यावर वारा कळला. मार्गळीतला वारा ओला असतो, लोक त्याला भितात, माकडटोपी घालतात. पण त्या गाडीवर छातीला वारा लागतच नव्हता. काच तो वर फेकत होती. मी टाकीवर ओणवी झाले तर एकदम शांत, खोलीत बसल्यासारखं. पण तशी ओणवी मी राहू शकत नव्हते, कारण टाकीवर पानं होती. मागची सीट उंच आणि उतरती, तेथे गठ्ठा बांधला तर माझ्या डोक्यावरून आलेला सगळा वारा त्याच्यावर पडे आणि पानांच्या कडा वळत. म्हणून पानं पुढे, काचेच्या आडोशाला. आणि पानं पुढे म्हणून मला ताठ बसावं लागे. ताठ बसलं की काचेच्या कडेवरून उठलेला वारा बरोबर हनुवटीखाली येई आणि हेल्मेट गदागदा हलवी. कानात असा घोंघाट की तंजावरला पोचल्यावर दुकानदार काय म्हणतो ते मला थोडा वेळ ऐकूच येत नसे.

दुकानदार तमिळमध्ये म्हणाला, पानं द्यायला आलात की शर्यतीला चाललात. बाकीचे हसले. मी हेल्मेट काढलंच नाही.

मनगटं तर संध्याकाळी लाटणं धरू देत नसत. पोळ्या जाड होऊ लागल्या. ह्यांनी मला समजावलं, की ही गाडी जोरात पळण्यासाठी केलेली आहे. जोरात गेलं की समोरचा वारा छातीला खालून उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार कमी होतो. आपल्या रस्त्यावर म्हशी, शाळेची पोरं, नवसाला निघालेली माणसं आणि मध्येच थांबणारी बस. तेवढं जोरात जाणार कोण. "गाडी वाईट नव्हे," ते म्हणाले, "रस्ता तिचा नव्हे."

थंडीचे महिने तरी तसे निघाले. वन्संना दर महिन्याला पैसे नेऊन देत होते. त्या मोजून घेत, देवापुढे ठेवत, आणि मला कॉफी देत. किल्ली खिळ्यावर असे. कॉफी पिताना माझी नजर तेथेच जाई.

उन्हाळ्यात गाडीने खोड काढली. प्लास्टिकच्या आत इंजिनाची ऊब कोंडते आणि दोन्ही बाजूंच्या फटींतून बाहेर पडते, ती नेमकी पायांवर. आता आमच्यात एक रीत आहे. पान म्हणजे लक्ष्मी, म्हणून पानं बरोबर असताना पायात काही घालत नाहीत. मळ्यात तर अनवाणीच जातात. हे जुन्या गाडीवर वर्षानुवर्षं अनवाणी जात आणि त्यांना काही झालं नाही, कारण त्या उघड्या इंजिनाची ऊब वाऱ्याबरोबर मागे निघून जाई. मीही तसंच केलं, आणि पायांच्या वरच्या बाजूला फोड आले. मी ते लपवले. मी पाय धूत असताना ह्यांना ते दिसले.

हे उठले, स्वतःचे कॅनव्हासचे बूट आणले आणि डाव्या हाताने माझ्या पुढ्यात ठेवले. "लक्ष्मीला बूट चालतील," म्हणाले. "भाजलेला पाय तिला कशाला हवाय?"

बुटांच्या टोकांत कापूस भरून मी ते घातले. पण पानांना कोणते बूट घालणार. टाकी खालून तापे आणि गठ्ठ्यातली तळची पानं काळवंडत, चुलीजवळ ठेवल्यासारखी. ओलं सोपट दुप्पट लावलं, पोत्याचा तुकडा घातला, तरी व्हायचं तेच. वैशाखातल्या एका लग्नाच्या पानांचा अख्खा गठ्ठा दुकानदाराने परत केला. ओरडला नाही. फक्त म्हणाला, तुमच्या नवऱ्याची पानं अशी नसत.

त्या महिन्यात वन्संना द्यायला पैसे नव्हते. परत येताना पापनाशम्ला थांबून मी तसं सांगितलं. सांगायला मला इतका वेळ लागला की त्यांनी मध्ये दोनदा पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "या महिन्याचं पुढे ढकलते. किल्ली कोठे आहे ते विसरू नकोस." कॉफी मात्र दिली. मी गाडी चालू केली तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, आणि मला वाटलं, या बाईला परत येथे रिकाम्या हाताने तोंड दाखवायचं नाही.

आमच्याकडे खरा पाऊस दसऱ्यानंतर. त्याआधी जरा ऊन कमी झालं, पानं सुधारली, हप्ते परत सुरू झाले. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली.

आयुधपूजेला आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार धुतात. विळी, कात्री, पाटा-वरवंटा, गाडी. चंदन-कुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. कुंभकोणमच्या बाईला धुणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. आमच्या गल्लीत निम्मी दुकानं पितळेच्या समयांची आहेत. चिंचेचा कोळ आणि राख घेतली की काळं पडलेलं निरांजन सोन्यासारखं होतं, हे मी चालायला लागल्यापासून बघते. गाडीची चाकं झाली, टाकी झाली. मग मी त्या काचेकडे वळले. तिच्यावर किडे चिकटून वाळले होते. चिंच लावली, राख घेतली, आणि नारळाच्या शेंडीने गोल गोल घासली. पाणी ओतल्यावर इतकी छान दिसली की मी ह्यांना बोलावून दाखवली. त्यांनाही छानच दिसली. तिला सगळे काच म्हणतात, पण ती काच नव्हती, प्लास्टिक होतं. ते आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाताना काही कळलं नाही. तंजावर आमच्या पश्चिमेला, सूर्य पाठीमागून उगवतो. परत येताना तो समोर असतो, आणि टाकी रिकामी म्हणून मी ओणवी असते. पापनाशम् सोडून सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या जवळ आले, वळण संपलं आणि ऊन सरळ काचेवर पडलं. काच ताकासारखी पांढरी झाली. एक एक ओरखडा पेटला. पुढचा रस्ता नाहीसा झाला. मी मान वर काढली तर समोर शेळ्यांचा कळप, अगदी जवळ. ब्रेक दाबला. गाडी तिरपी होऊन थांबली. शेळ्या माझ्याभोवतीने निघून गेल्या. त्यांच्या मागून एक म्हातारी आली. तिने काचेवरून बोट फिरवलं, आणि मान हलवली.

मी गाडी तशीच ढकलत सावलीला नेली. ऊन वर येईपर्यंत बसून राहिले. हेल्मेट काढलं होतं. येणारेजाणारे बघत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे नंतर घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

मेकॅनिकने सांगितलं की नवी काच मागवावी लागेल, आणि किंमत ऐकून ह्यांनी नुसतं हूं केलं. मग तो म्हणाला, नाहीतर सगळंच काढून टाका, हँडल वर घेऊ, नेकेड करून टाकू. तो शब्द मला टीव्हीमुळे माहीत होता. मी जमिनीकडे बघितलं. ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं की उघड्या गाडीला तसंच म्हणतात, आणि पुढे दोन दिवस एकटेच हसत होते.

पण गाडी अजून पूर्ण आमची नव्हती. वन्संना विचारायला हवं होतं. हे म्हणाले मी फोन करतो. मी नको म्हटलं. काच मी घासली होती.

मी पापनाशम्ला गेले, ओट्यावर बसले, कॉफी आली. म्हटलं, "वन्सं, मी काच घासली. चिंचेने."

त्यांनी पेला खाली ठेवला. "राखेनेही?"

"होय."

"आणि शेंडीने."

मी मान हलवली. त्या बाहेर गेल्या, काच बघितली, आत आल्या. पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. "आमच्या आईच्या हाताखालची आहेस खरी," म्हणाल्या. "मी असते तर आणखी जोरात घासली असती." मग गंभीर झाल्या. "काढ. पण सगळं प्लास्टिक येथे आणून ठेव. तुकडासुद्धा हरवायचा नाही. आणि हे बघ, एवढी देखणी गाडी उघडी केलीस की लोक हसतील. बाई मोटारसायकलवर, तीही असल्या."

"हसू देत," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते आलं याचं मलाच नवल वाटलं. वन्संनाही वाटलं असावं, कारण त्यांनी मला आणखी अर्धा पेला कॉफी ओतली. ती मी न मागता.

मेकॅनिकने काच उतरवली, बाजूचं प्लास्टिक उतरवलं, उंच हँडल बसवलं आणि कुठल्याशा जुन्या गाडीची लांब सपाट सीट शोधून आणली. मागे धरायला कडी आणि एका बाजूला पाय ठेवायला पट्टीही लावली. आतलं इंजिन, नळ्या, वायरी सगळं दिसू लागलं. देवाचं वाहन गेलं आणि खालची लाकडी चौकट राहिली तशी ती दिसत होती. मला वाईट वाटलं. पहिल्या सकाळी तर जास्तच, कारण वारा सगळाच्या सगळा छातीवर आला. पापनाशम्पर्यंत दमले. पण थोडं पुढे गेल्यावर जाणवलं की डोकं हलत नाहीये. वारा सरळ येत होता, सगळीकडे सारखा, कडेवरून उसळून नव्हे. घोंघाट होता, पण एकाच सुराचा. हात वर, पाठ सरळ, मनगटांवर काही भार नाही. पायांची ऊब मागे पळून जात होती. त्या संध्याकाळी पोळ्या पातळ झाल्या. ह्यांनी दिव्यासमोर एक धरली आणि म्हणाले, पलीकडचं दिसतंय.

पानांचं मी ठरवलं ते असं. टाकी नको आणि उंच जागाही नको. बांबूची एक बसकी टोपली सीटवर माझ्या पाठीला अगदी चिकटून बांधली, आतून ओलं सोपट, वर ओलं पोतं. वारा मला लागायचा, मग दोन्ही बाजूंनी निघून जायचा, आणि पाठीमागे हात घातला तर तेथे वारा नव्हता. काचेचं काम माझी पाठ करत होती. मी तशी अंगाने रुंद आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं.

तंजावरच्या दुकानदाराने टोपली उघडली, तळातून एक कवळी काढली, एक पान वेगळं केलं, कडेवरून बोट फिरवलं, देठ मोडून वास घेतला. पैसे दिले आणि मागच्या बाजूला वळून कोणाला तरी तमिळमध्ये ओरडून सांगितलं की पुढच्या मुहूर्ताची सगळी पानं कुंभकोणमच्या बाईंकडून घ्यायची. नवऱ्याचं नाव त्याने घेतलं नाही. मी घरी येऊन हे ह्यांना सांगितलं तेव्हा मला भीती होती की त्यांना लागेल. त्यांनी मला परत सांगायला लावलं. मग शेजाऱ्याला बोलावलं आणि स्वतः सांगितलं, माझ्याहून जास्त रंगवून.

उगाच खोटं लिहायचं नाही. पुढच्या मार्गळीत मला ती काच फार आठवली. धुक्याचा वारा गळ्यातून आत शिरतो आणि बोटं क्लचवर वाळल्या शेंगांसारखी होतात. पाऊस तर टाचण्यांसारखा टोचतो. लांब, मोकळ्या रस्त्यावर जोरात जाणाऱ्याने काचेचीच गाडी घ्यावी. मी स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालून जाते. हे रोज पहाटे एका हाताने घडी घालून ते माझ्या गळ्यापाशी खोचतात. आणि गाडी उघडी झाल्यापासून कोलम काढणाऱ्या बायका मला ओळखतात. कालच्या पेपरात काय होतं असं एकीने विचारलं, कारण कॉलरमधून बातमीचं टोक बाहेर आलं होतं. मी थांबून तिला टोक वाचून दाखवलं.

मग वन्संची गोष्ट. त्यांना डोळे दाखवायला कुंभकोणमला यायचं होतं आणि बस चुकली होती. मी तंजावरहून परत येताना हप्ता द्यायला थांबले, तर त्या छत्री घेऊन ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, त्या असल्या वाहनावर बसण्यापेक्षा आंधळी होईन. मी म्हटलं, बसा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बसल्या. एका बाजूला पाय, एक हात कडीला, मांडीवर रिकामी टोपली. मी नेहमीपेक्षाही हळू निघाले.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. "अगं, वारा लागेल मला. छाती भरेल."

"माझ्या पाठीला टेका, वन्सं. आत या."

त्या टेकल्या. आधी खांदा, मग सुंदरपेरुमाळ कोयिल मागे पडल्यावर कपाळ. मला त्यांचा श्वास सदऱ्यातून कळत होता. एवढी करारी बाई, तिला कधी कोणाच्या आडोशाला बसलेली मी बघितली नव्हती. मी हँडल घट्ट धरलं आणि आणखी रुंद होऊन बसले.

इस्पितळाच्या दारात उतरल्यावर त्यांनी केस चापून बघितले. एकही विस्कटला नव्हता. "वारा लागलाच नाही," त्या म्हणाल्या, जरा तक्रारीच्या सुरात. त्यांची स्तुती अशीच असते.

शेवटचा हप्ता द्यायला आम्ही दोघं गेलो. हे मागे बसले, डाव्या हाताने कडी धरून. निघण्याआधी मी टोपलीतली सगळ्यांत कोवळी पानं बाजूला काढली होती. वन्संच्या दारात पितळेच्या ताटात ती मांडली, देठ माझ्याकडे, टोकं त्यांच्याकडे, वर सुपाऱ्या, आणि सुपाऱ्यांवर पैसे. ताट मीच दिलं.

ओट्याच्या कोपऱ्यात त्याच चादरीखाली काच आणि निळं प्लास्टिक नीट रचून ठेवलेलं होतं. वन्संनी ताट घेतलं. एक पान उचलून कड बघितली, मग पैसे मोजले. घरचे म्हणून न मोजता घेतील असं ह्यांना वाटलं होतं. मला तसं वाटलं नव्हतं, आणि त्यांनी मोजले याचं मला बरंच वाटलं. आत जाऊन खिळ्यावरची किल्ली काढली, तिला कुंकू लावलं आणि ताटात ठेवली. ताट ह्यांच्याकडे नेलं नाही, माझ्यापुढे धरलं.

"फिटलं," त्या म्हणाल्या. "सगळं फिटलं."